रोझरीच्या वेळची एस.टी.

सोमवार, १ ऑक्टोबर २००१
दिवा स्टेशनाकडून येणारी रेल्वेची शटल रखडली, तर गिरीजच्या एस.टी.ने तिच्यासाठी थांबावं, हे कोणी कोणाला सांगायचं? खरंच मला माहीत नाही. वसईचं स्टेशन आणि एस.टी.चा स्टँड, मध्ये एवढासा रस्ता!

आज कामणहून निघालेली शटल वाटेतच उभी राहिली. जिना उतरून धावले, तर एस.टी.चा मागचा लाल दिवा दिसला. रिक्षाने घरी पोचले तेव्हा घरची रोझरीची प्रार्थना संपत आली होती. रोझरीच्या महिन्याचा पहिलाच दिवस! पप्पा माळ गुंडाळत म्हणाले, "पुन्हा असं झालं तर कामणची शाळा बंद. प्रार्थनेला सगळे एकत्र हवेत."

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझी सहावीची मुलं आता कुठे धीट होऊन प्रश्न विचारायला लागलीत — आणि मी सोडून देऊ?

बुधवार, ३ ऑक्टोबर
स्टँडवरच्या कंट्रोलरना भेटले. ते हसले. "बाई, रेल्वे दिल्लीची, एस.टी. आपली. आता काय भोंगा ऐकून गाडी सोडू?"
"सोडा ना! शटलचा डिझेलचा भोंगा लोकलपेक्षा वेगळा असतो. इथपर्यंत ऐकू येतो."
"बरं. कान देतो हं!"
मागे कंडक्टर खो खो हसला. मी मात्र मनापासून बोलले होते.

गुरुवार, ४ ऑक्टोबर
शटल वेळेवर. सुटले!

शुक्रवार, ५ ऑक्टोबर
शटल उशिरा — तरी गाडी उभी! नीट सांगितलं की माणसं ऐकतात. पप्पाही माझ्या मागोमागच घरात शिरले. बाजारात वेळ लागला म्हणे.

सोमवार, ८ ऑक्टोबर
आजही थांबली! शाळेत आशालताबाईंना सांगितलं. त्या गोखिवऱ्याला राहतात, मूळच्या साताऱ्याच्या. म्हणाल्या, "तुमच्या वसईत होळीसुद्धा बसने येते, मग हे काय नवल!" बसवर आमच्याकडच्या होळी गावाची पाटी बघून पहिल्या वर्षी त्यांना ती सणाची जादा गाडी वाटली होती. पोट धरून हसलो.

मंगळवार, ९ ऑक्टोबर
शटल आजही उशिरा; पण धावत सुटले, म्हणून स्टँडवर जरा लवकर पोचले. गाडीच्या दारात पप्पा! एक पाय पायरीवर, एक खाली. भाजीच्या रिकाम्या टोपल्या एकेक करून आत देत होते.
कंडक्टर वैतागलेला. "थॉमसकाका, रोज काय हे? चढा की!"
"जड आहेत रे."
रिकाम्या टोपल्या!
मी दिसले, तशा उरलेल्या सगळ्या एकदम आत गेल्या. पप्पा पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मी मागे. डोळे पुसले.

गुरुवार, ११ ऑक्टोबर
शटल फारच रखडली. एस.टी. वाटेत पापडीला आली तेव्हाच रोझरीची वेळ झाली. मी उठून पप्पांशेजारी जाऊन बसले, पर्समधली माळ काढली, क्रुसाची खूण केली आणि मोठ्याने सुरुवात केली. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी काढली. प्रार्थनेचं उत्तर दिलं — आणि त्यांच्यामागून अर्ध्या गाडीने.