कार्पला आग्रह चालत नाही

९ ऑक्टोबर

सगळा! डब्यातला सगळा उकडलेला मका व्याह्यांनी एका दमात तळ्यात ओतला, आणि वर हात झटकत मलाच विचारतात, "आता येतील ना?"

येतील! सहकुटुंब येतील, पोटभर जेवतील आणि गळावरच्या दाण्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातील.

गेला महिनाभर मी रोज सकाळी, ठरल्या वेळी, बांधाच्या त्याच कोपऱ्यात मूठभर मका टाकत आलो. मूठभर; अधिक नाही. कार्प हा मुळात संशयी मासा. त्याला आधी जागेची सवय लावायची, मग वेळेची, आणि मग एके दिवशी त्या दाण्यांत एक दाणा आपला. ही सगळी तपश्चर्या एका उपड्या डब्याखाली गेली.

"मास्तर, पाहुण्याला वाढायचं तर हात आखडता कशाला?" म्हणे. यांचा जन्म कापडाच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक रुमाल मागायला आलं तरी हे ठाणंच्या ठाणं उलगडून पुढ्यात टाकणार. मासेमारीतही तोच खाक्या!

१० ऑक्टोबर

मक्याच्या संतापात मूळ मुद्दा लिहायचा राहून गेला. मी काही व्याह्यांना हौसेने तळ्यावर नेत नाही.

लेक दोन बॅगा घेऊन घरी आली आहे. जावयाने दुसऱ्या गावची नोकरी पत्करली, सही केली, भाड्याचं घर पाहिलं, आणि हे सगळं झाल्यावर एका संध्याकाळी बायकोला सांगितलं, "पुढच्या महिन्यात निघायचंय." ती म्हणाली, "मी काय सामान आहे?" आणि आली. परत जाणार की नाही, हे विचारलं की उठून आत जाते.

तेव्हा हिने आणि विहीणबाईंनी फोनवर परस्पर ठरवलं, की दोन्ही बापांनी शांतपणे बसून मार्ग काढावा. व्याही आमच्याकडे मुक्कामाला आले, आणि शांत जागा मला एकच माहीत आहे.

११ ऑक्टोबर

चावा नाही. बोलणंही नाही.

१३ ऑक्टोबर

आज व्याह्यांना पद्धतशीर समजावलं. शिकवायला लागलो की मला स्वतःलाच इतका आनंद होतो, की समोरचा जांभई देतोय हे उशिरा लक्षात येतं. तरीही!

त्यांना सांगितलं, कार्पच्या पोटात हवेची एक पिशवी असते. ती पिशवी आणि कान यांच्यामध्ये इवल्याशा हाडांची साखळी असते. म्हणून आपण बांधावर टाच आपटली तरी तळाशी ढोल वाजल्यासारखं होतं. किती सुंदर रचना! तर पाय आपटू नका. त्याच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात. तो दाणा ओठांनी शोषतो, चाखतो, थुंकतो, पुन्हा शोषतो. तेवढ्या वेळात दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट नुसता थरथरतो. तेव्हा ओढायचं नाही. फ्लोट एका बाजूला सरकत, ठामपणे चालू लागला, की मग ओढायचं. आणि सर्वांत नवलाची गोष्ट: कार्पला जठरच नसतं! थोडं थोडं खात राहणं हाच त्याचा धर्म.

"जठर नाही?" व्याही म्हणाले. "मग आपला परवाचा डबाभर मका गेला कुठं?"

आपला!

मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "मास्तर, पोरीला समजवा की जरा. चार लोकांत बरं दिसत नाही."

आणि नेमका तेव्हाच फ्लोट थरथरला. मी हात वर केला, म्हटलं थांबा. मी माशाबद्दल म्हणत होतो, आणि लेकीबद्दलही. त्यांनी दोन्हीही ऐकलं नाही. काठी अशी हिसडली, की गळ माझ्या टोपीत येऊन अडकला. पाणी ढवळून निघालं. सकाळ फुकट.

१४ ऑक्टोबर

जेवताना हिने विचारलं, "काय ठरलं मग?"

मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "कार्पला जठर नसतं."

"आणि तुम्हाला डोकं," ही म्हणाली.

लेक हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मग हसू आवरून म्हणाली, "तुम्ही दोघं रोज तिथं बसून मलाच गळाला लावताय का, बाबा?"

मी नाही म्हटलं. पण ते अर्धंच खरं होतं. कारण तिच्या आईच्या सांगण्यावरून काल मीही म्हणून बसलो होतो, "एकदा जाऊन तर बघ, आवडेल कदाचित." तोच मका; डब्याऐवजी मूठभर, एवढाच फरक.

१६ ऑक्टोबर

हद्द झाली! आज तळ्यावर व्याही फार खुशीत. शिट्टी वाजवत होते (शिट्टी! बांधावर!). खोदून विचारलं तेव्हा पोटातलं ओठावर आलं: रविवारी जावई टेम्पो घेऊन येतोय. लेकीला आणि तिच्या बॅगांना परस्पर नव्या गावी नेणार. विहीणबाईंनी तिकडच्या घरात भांडीसुद्धा लावून ठेवली.

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? नवरा-बायको आहेत ती. दारात टेम्पो उभा दिसला की मन वळतं, मास्तर. माल समोर मांडल्याशिवाय गिऱ्हाईक..."

मी काठीची दोरी गुंडाळली आणि घरी निघालो. आयुष्यात पहिल्यांदा तळ्यावरून असा मध्येच उठलो. मागून ते ओरडत होते, "अहो, फ्लोट हलतोय! मास्तर! हलतोय!" हलू दे.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. ती फक्त "बरं" म्हणाली. या "बरं"ला मी तिच्या लहानपणापासून घाबरत आलो आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

टेम्पो आला. रिकामा, धुतलेला, मागे दोऱ्या तयार. व्याही दारात असे उभे, जणू वरातच आली.

लेक घरात नव्हती! भल्या सकाळी माझी काठी, मासा उचलायची जाळीची झोळी आणि मक्याचा डबा घेऊन तळ्यावर गेली होती. लहान असताना ती माझ्याबरोबर यायची. नंतर कधी आली नाही.

जावई तळ्याकडे निघाला. पाठोपाठ व्याही सरसावले, त्यांच्या पाठोपाठ मी. ही दारात आडवी. "कोणी हलायचं नाही. पुरे झाला तुमचा आग्रह."

बसलो. व्याह्यांनी चहा घेतला, मग पुन्हा घेतला. सोफ्यावर पाय हलवत होते. आपटू नका म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

दोघं दुपारी परतली. जावयाची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, झोळी त्याच्या खांद्यावर. टेम्पोवाल्याला तो म्हणाला, "तुम्ही निघा." टेम्पो रिकामा गेला. व्याह्यांचा चेहरा धुतल्या कापडाचा रंग उडावा तसा.

२० ऑक्टोबर

काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. जावयाकडून तुकड्या-तुकड्यांनी मिळालं ते इतकंच: आधी तो बराच वेळ बोलला. नोकरी, पगार, घराची बाल्कनी. ती म्हणाली, "हळू बोल, मासे ऐकतात." मग तो गप्प बसला. "लग्नानंतर इतका वेळ मी कधी गप्प बसलोच नव्हतो, बाबा." मग ती बोलली. काय, ते त्याने सांगितलं नाही, आणि कसं कोण जाणे, मीही विचारलं नाही.

आणि एक कार्प लागला! मोठा! त्याने पाण्यात उतरून झोळीत घेतला, तिने गळ सोडवला आणि दोघांनी मिळून परत सोडून दिला.

"मोठा म्हणजे केवढा?"

"मोठा होता, बाबा."

"लांबी? मिशा मोजल्या का? खवले सगळीकडे होते की ठिगळासारखे?"

"बघितलं नाही."

बघितलं नाही! महिनाभर मी चारा टाकतो, जन्मात एकदाच लागावा असा मासा या दोघांना लागतो, आणि बघितलं नाही!

२१ ऑक्टोबर

व्याही घरी गेले. जाताना म्हणाले, "मास्तर, एक विचारू? त्या दिवशी फ्लोट सरकत होता की नुसताच थरथरत होता?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी पाठ फिरवली होती. ते म्हणाले, "मलाही कळलं नाही." आणि रिक्षात बसले.

२३ ऑक्टोबर

लेक सकाळच्या गाडीने नव्या गावाला गेली. एकटी. गाव बघेल, घर बघेल, तिथे स्वतःला काम मिळतं का बघेल, आणि मग सांगेल: हो किंवा नाही. तोवर जावई आमच्याकडे, तिच्या खोलीत.

दुपारपासून पुन्हा पुन्हा दारात येऊन उभा राहतो. "बाबा, फोन करू का तिला?"

मी म्हटलं, इतक्यात नको.