पांढरी पडलेली अंगठी

३ फेब्रुवारी

सोनं पांढरं पडत नाही! ताईला फोनवर ओरडून सांगितलं. चांदी काळी पडते, मोती पिवळे पडतात, पाचूला तडे जातात. सोनं आहे तसंच राहतं. म्हणून तर माणसं त्याच्यासाठी डोंगर पोखरतात. सोन्याची शुद्धता तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, हे मला ताईनं शिकवू नये.

पण ती एकच धरून बसली – "अगं, ह्यांनी लग्नात घातलेली अंगठी बोटातल्या बोटात पांढरी झाली." आणि रडायला लागली. ताई! भाऊजी गेले तेव्हासुद्धा जी चारचौघांत रडली नव्हती, ती.

४ फेब्रुवारी

राजेंचा फोन. राजे म्हणजे ताईचा एकुलता एक मुलगा. लहानपणी लाडानं पडलेलं नाव, आता अंगात भिनलंय.

"मावशी, बाबा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही. हात थरथरतात, झोप नाही, उठसूट हिच्या अंगावर धावते. आता हे अंगठीचं. सोन्याची कुणाला तरी देऊन बसली असणार, आणि चांदीची घालून फिरतेय."

वृद्धाश्रम बघून आलेत. पुढच्या महिन्यात खोली रिकामी होईल म्हणे. "छान बाग आहे, मावशी." बाग! आई आहे का कुंडीतलं रोप?

शाळेत नन्स सांगायच्या, राग आला की आधी देवाचं नाव घ्यावं. मी आधी रागावून घेते. देव कुठे जात नाही.

७ फेब्रुवारी

ताईकडे जाऊन आले.

भाऊजींच्या आजारपणापासून ती त्यांच्याच खोलीत असते. खिडक्या बंद, हीटर चालू, जमिनीवर तो जाड गालिचा. दिवसभर तिथंच. "बाहेर आली की काहीतरी सांडते, मग बायकोची चिडचिड होते," राजे म्हणाले. कप धरला की बशी वाजते. हिरड्या दुखतात म्हणून बिस्कीट चहात बुडवून खाते. केवढीशी झालीय!

मी सरळ विचारलं, "ताई, कुणाला दिलीस अंगठी?"

वाटलं, फाडकन काहीतरी ऐकवेल. तिनं नुसता हात पुढे केला. "तूपण?"

अंगठी खरंच पांढरी. मळकट, राखाडी पांढरी. राजेंनी ती कोपऱ्यावरच्या सराफाला दाखवूनही आणलेली. तो म्हणाला, चांदीवर सोन्याचा मुलामा होता, झिजला. म्हणजे एक तर आई वेडी, नाही तर बाप लबाड. सूनबाई हळूच म्हणाली, "बाबांनी फसवलं असेल का हो?" ताईनं ऐकलं.

साबण लावून अंगठी काढली, तळहातावर घेतली. जड! एवढ्या आकाराची चांदीची अंगठी जवळजवळ निम्म्या वजनाची भरते. माझी नोकरी संपली असेल, तळहात अजून निवृत्त झालेला नाही.

रुमालात बांधून घरी आणली.

८ फेब्रुवारी

सकाळपासून अंगठी समोर. चांदी नाही. प्लॅटिनम म्हणावं तर भाऊजींसारख्या साध्या डॉक्टरला कुठून सुचणार? आतल्या बाजूला एक बारीक पिवळी रेघ शिल्लक आहे. म्हणजे होती पिवळीच. ताई खरं बोलत होती.

मग दहावीचा वर्ग आठवला. रसायनशास्त्राच्या नननं पाऱ्याची बाटली उघडण्याआधी आम्हा मुलींना साखळ्या, कानातलं, सगळं काढून शेजारच्या वर्गात ठेवायला लावलं होतं. आम्ही हसलो होतो. ती म्हणाली होती, पाऱ्याला सोन्याची फार हाव.

खरंच आहे ते. नदीच्या वाळूत सोन्याचे कण डोळ्यांनाही दिसत नाहीत इतके बारीक असतात. तिथले लोक त्या वाळूत पारा घालतात. पारा वाळूला विचारत नाही, सोन्याला मिठी मारतो आणि दोघांचा पांढरा गोळा होतो. हे मी नवीन आलेल्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. आणि बहिणीला सांगितलं, सोनं पांढरं पडत नाही!

अंगठी बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं. हात धुतले. फोन केला.

"ताई, घरात थर्मामीटर फुटलाय का?"

"थर्मामीटर नाही. ह्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं जुनं यंत्र, काचेच्या नळीचं. शेवटच्या दुखण्यात पडलं कॉटवरून. दिसलं तेवढं मी हातानं गोळा केलं. अजून सापडतं अधूनमधून. मी सूनबाईला म्हटलंसुद्धा, गालिच्यात चांदीचे मणी पळतात. ती राजेकडे बघते, राजे छताकडे बघतो."

"त्या खोलीतून बाहेर ये. आत्ता!"

"अगं, केस विंचरतेय."

"तशीच ये!"

सूनबाईला फोन द्यायला लावला. हीटर बंद कर, खिडक्या सताड उघड, दार लावून घे, गालिच्याला झाडू लावू नकोस. ती पोरगी एकदाही "का" म्हणाली नाही. मग मी रिक्षा केली.

९ फेब्रुवारी

जुन्या प्रयोगशाळेत गेले. माझ्या हाताखाली तयार झालेला भिंग – चष्म्यामुळे हे नाव – आता तिथं साहेब आहे. अंगठी यंत्रात ठेवली. सोनं, थोडं तांबं, आणि पारा.

"मॅडम, हे कुणी बोटात घालून फिरत होतं?"

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ताईच्या लघवीचा रिपोर्ट वाचला, मग पुन्हा वाचला. बंद खोलीत पाऱ्याची वाफ. कापरे हात, उडालेली झोप, हिरड्या, चिडचिड – सगळं त्याचंच. "हे म्हातारपण नाही आणि वेडही नाही. विषबाधा आहे. औषधं देऊ. वेळ लागेल, पण सुधारतील."

राजेंसाठी मी ठेवणीतली वाक्यं आणली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून तो म्हणाला, "मावशी, हीटर मीच लावून द्यायचो. आईला थंडी वाजते म्हणून."

एकही वाक्य वापरलं नाही. रुमाल दिला.

२ मार्च

ताई माझ्याकडे. गालिचा आणि खालच्या फळ्या मास्क लावलेली माणसं येऊन घेऊन गेली.

१९ मार्च

"तुझा चहा म्हणजे कोमट पाणी," ताई म्हणाली. सुधारतेय!

१४ एप्रिल

भिंगनं धूर खेचणाऱ्या कपाटात अंगठी तापवून पारा उडवला. पिवळी झाली, पण वरून खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखी. पॉलिश करू का म्हणत होता. ताई नको म्हणाली.

मी तिला सांगितलं, भाऊजींनी फसवलं नव्हतं. बावीस कॅरेट.

"ते मला कशाला सांगतेस? साखरेच्या डब्यात मीठ भरणारा माणूस तो. मुलामा त्याला कुठून जमणार! मी घाबरले होते माझ्यासाठी. वाटायला लागलं होतं, राजे म्हणतो तेच खरं असेल. सगळे खोटं कशाला बोलतील?"

मग कितीतरी वेळ आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो. तिच्या हातून एकही खाली पडला नाही.

२० मे

राजे आणि सूनबाई येऊन गेले. खोलीला रंग दिलाय, नवीन फरशी, मोठी खिडकी. "आई, घरी चल." सूनबाई ताईच्या पायाशीच बसली. मी तर तिच्यासाठी कपाट करायला टाकलंय! ती इथंच राहणार, असं मी धरूनच चालले होते. दोघींना आता दुसरं कोण आहे?

ताई म्हणाली, विचार करून सांगते.

२७ मे

ताई वृद्धाश्रमात गेली! एकटीच जाऊन बघून आली, एकटीनंच ठरवलं. राजेंना म्हणाली, "वेडी म्हणून पाठवत होतास तेव्हा मेले तरी गेले नसते. आता शहाणी आहे, म्हणून जाते." मी दारात आडवी उभी राहून भांडले. तिनं शांतपणे चपला घातल्या. "रविवारी ये," म्हणाली. "आणि येण्याआधी फोन कर."