वरच्या खोलीतले गुरुवार, माझ्या पश्चात

मी, शेवटी सही करणार, वय एकोणपन्नास, धंदा खुर्च्या-टेबले दुरुस्त करणे, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि देवाला स्मरून लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. पण आजवर तुसडेपणाने बोलणारा हा गृहस्थ परवा माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला, म्हणून मी लिहायला बसलो. देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. माणसे मी तपासून घेतो.

कलम १. राहते घर, बँकेतली ठेव आणि घरातले सर्व सामान माझ्या पत्नीस. तिच्यावर माझा कसलाही संशय नाही असे इथे लिहिणार होतो, पण ते वाचून "म्हणजे आधी होता वाटतं?" असे ती विचारील, म्हणून लिहीत नाही.

कलम २. करवती, रंधे, पटाशा आणि इतर हत्यारे माझ्या कारागिरास. चांगला रंधा त्याने "धार लावून आणतो" म्हणून मागेच घरी नेला आहे. धार अजून लागते आहे. तोही त्याचाच समजावा.

कलम ३. दुकान पत्नीस. दुकानाची किंवा वरच्या खोलीची कोणतीही भिंत शेजारच्या औषधवाल्यास विकू नये. माझे दुखणे कळल्यापासून तो रोज तब्येत विचारायला येतो आणि बोलता बोलता या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पावले टाकतो. तब्येत विचारायला एवढे चालावे लागत नाही.

कलम ४. दुकानामागची मोकळी जागा धाकट्या भावास. वडील गेल्यावर वाटणीत रस्त्याकडची बाजू मी ठेवली, हे तो विसरलेला नाही. त्याच्या घरी जेवायला गेलो की तो मला खिडकीकडची खुर्ची देतो आणि म्हणतो, "बस दादा, तुला रस्ता लागतो." ही जागा घेऊन त्याने ते वाक्य बंद करावे.

कलम ५. वरची खोली. वकीलबाईंनी थोडक्यात लिहायला सांगितले आहे, पण त्यांनी ती खोली पाहिलेली नाही.

गुरुवारी दुकान बंद असते. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, एकदा आपली खुर्ची न्यायला आले. सांध्यांना लावलेला सरस अजून वाळला नव्हता. थांबायचे म्हणून ते, जुन्या राजांची आसने इतकी उंच का असत की बसणाऱ्याचे पाय जमिनीला लागत नसत, हे सांगू लागले. कारागिराचा हात थांबला. रस्त्यावरून जाणारा बसचा कंडक्टर दारात उभा राहिला तो आतच आला. मी म्हणालो, "सर, हे गुरुवारी सांगा. आत्ता माझं काम बुडतंय."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी वर कोणीतरी बोलतो. जुनी चित्रे, नाटके, पडकी शहरे, कविता. फी नाही, व्यासपीठ नाही, हार नाही. लोक दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांवर बसतात. वक्ता रटाळ असला की चुळबूळ वाढते आणि सांधे चांगले पारखले जातात. त्यामुळे आमच्याकडे कोणतेच व्याख्यान वाया जात नाही. शेवटी ऐकणाऱ्यांपैकी कोणीही कोणाकडेही बोट दाखवतो. त्याने उभे राहून आपल्यापर्यंत जे पोहोचले ते सांगायचे. वक्त्याने मध्ये बोलायचे नाही. हे सरांना सर्वात जड जाते.

एका गुरुवारी सर थडग्यांवरच्या लेखांविषयी बोलले. फार जुन्या काळी एका बापाने लेकीच्या दगडावर कोरून घेतले होते: इथे माझी लहानगी झोपली आहे, येणाऱ्याने पाय वाजवू नयेत. त्या दिवशी ऐकलेले परत सांगायला कोणीच उभे राहिले नाही. कंडक्टर, ज्याचा आवाज चौकापलीकडे जातो, तो चपला हातात घेऊन जिना उतरला. माझी पत्नी चहाचे विचारायला जिन्यात आली होती, ती तिथेच बसून राहिली. आमची मुलगी पाळण्यातच गेली. त्याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी जेवताना बोललो. ही खोली माझ्यामागे बंद पडू नये यासाठी मला दुसरे कारण देता येत नाही.

पण ती कोणाच्या हाती द्यावी? सरांना संस्था काढायची आहे. दारावर नाव, छापील पत्रे आणि एकसारख्या खुर्च्या. "आपल्या उपक्रमाला एक चेहरा हवा," असे ते म्हणाले. चेहरा कोणाचा, हे मी विचारले नाही. पत्नी म्हणते, "मला तो जिना चढवत नाही. आणि बोलणारी माणसं मी कुठून धरून आणू?" भावाला आजवर वर्तमानपत्र वाचायलाही दम निघाला नाही; आणि डॉक्टरांनी मला सांगितले त्याच आठवड्यापासून तो दर गुरुवारी पुढच्या रांगेत येऊन बसतो आणि मान डोलावतो. जागेच्या मोहाशिवाय माणसाची मान इतकी हलत नाही असे माझे मत झाले.

म्हणून मी कंडक्टरला हळूच सांगून भावाकडे बोट दाखवायला लावले. भाऊ उठला.

"मला काही कळलं नाही," तो म्हणाला. "दादा इतकी वर्षं इथं काय ऐकतो ते बघायला आलो होतो. ऐकताना तो तोंड उघडं ठेवतो, एवढं कळलं."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर पत्नीला म्हणालो, हे त्याने घरून ठरवून आणले होते. ती म्हणाली, "तुम्हाला देव भेटला तरी त्याच्याकडे ओळखपत्र मागाल."

तर, खोलीची मालकी पत्नीकडे राहील. गुरुवारी ऐकायला एक जरी माणूस येत असेल तोवर ती विकू अगर भाड्याने देऊ नये. गुरुवार चालवण्याचे काम कोणाकडे, ती ओळ मी आजपर्यंत कोरी ठेवली होती.

कलम ६. हे आज, सर्वांसमोर लिहीत आहे. सह्यांसाठी मी मुद्दाम सर आणि भाऊ या दोघांनाच बोलावले. वकीलबाईंनी सर्व कलमे मोठ्याने वाचली आणि सांगितले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर ते त्याला मिळत नाही.

सरांनी विचारले, "माझ्या नावे काही आहे का?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"अजिबात?"

"अजिबात."

"मग माझी हरकत नाही," सर म्हणाले, आणि थोडे उदास झाले.

वकीलबाई भावाकडे वळल्या. "तुम्ही सही केलीत तर मागची जागा गेली. दादांना दुसरा साक्षीदार बघू द्या."

"दुसरा कोण येणार?" भाऊ म्हणाला. "हा शहरात सगळ्यांवर संशय घेऊन बसलाय. पेन द्या."

"नीट समजलं ना तुम्हाला?"

"ही गोष्ट समजली, बाई. गुरुवारी समजत नाही ती वेगळी."

त्याने पेन घेण्याआधी मी ते घेतले आणि हे लिहीत आहे. कलम ४ रद्द. मागची जागा पत्नीस. वरच्या खोलीतले गुरुवार चालवण्याचे, बोलणारे शोधण्याचे आणि औषधवाल्याला जिन्याखालीच थोपवण्याचे काम धाकट्या भावाकडे. त्याला याचा कसलाही आर्थिक लाभ नाही, हे वकीलबाईंना मी दोनदा विचारून घेतले.

तो समोर बसून चहा पितो आहे. यात त्याचा काय डाव असावा हे मी शोधतो आहे. सापडलेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सापडल्यास नवे मृत्युपत्र करीन. न सापडल्यास हेच माझे शेवटचे मानावे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा गुरुवार, सकाळ

(सही) मृत्युपत्र करणारा

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १. (सही) सर, सर्व पदव्यांसह
साक्षीदार २. (सही) धाकटा भाऊ