सोनगीरने न पाहिलेलं शेवटचं रीळ

४ डिसेंबर, गुरुवार. धुळे
नानामामांचा पहिला चित्रपट पूर्ण सापडला. पुण्याच्या लॅबमधल्या बाईंनी दुपारी फोनवर पक्कं सांगितलं. गावोगावी फिरणाऱ्या तंबू टॉकीजची प्रत. सगळी रिळं ओरखड्यांनी भरलेली, शेवटचं मात्र कोरं करकरीत. "हे कधी चालवलंच नाही का हो?"
मामांना फक्त सापडल्याचं सांगितलं. नव्वदी ओलांडलेला माणूस, काठी न घेता उभा राहिला.
सोनगीरचा पोरगा. कोल्हापूरला स्टुडिओत दिवे उचलले, मग नऊ चित्रपट केले. पण पहिला इथला. किल्ला सोनगीरचा, माणसं सोनगीरची, नायिकासुद्धा गावातलीच सुमन. शेवटी ती मरते, किल्ल्याखाली चिता. "तो शेवट जमला म्हणून मी दिग्दर्शक. बाकीचे पोटासाठी."

६ डिसें., शनि.
सोनगीरला जाऊन आलो. तंबूवाल्याचा मुलगा भिकाभाऊ भेटला. कोऱ्या रिळाचं विचारलं तर हसायलाच लागला.
"सुमननं लगीन बाकी व्हतं, भाऊ. आमना गावनी पोर शे ती. तिनी चिता कशी दखाडतस?"
म्हणजे खऱ्या सुमनचं लग्न व्हायचं होतं, तिची चिता दाखवणं अशुभ; म्हणून सिनेमातल्या लग्नाच्या रिळावरच खेळ संपायचा. खानदेशभर. लोक खूश होऊन घरी. मामा तेव्हा कोल्हापूरला, दुसऱ्या कामात. त्यांना तंबूवाल्याने कळवलं होतं, गाव ढसाढसा रडलं.
आता हे सांगायचं कोणी?

७ डिसें.
मीच सांगितलं. चहा तसाच राहिला.
जेवताना म्हणाले, "खोटं मरण आहे हे माहीत असून लोक घाबरले?"
"हो."
"मग काम बरं केलं होतं म्हणायचं तिने. आणि मी." ताठ बसले होते. मग, "पण शेवट दाखवायचा. मी आहे तोवर."

१० डिसें., बुध.
रविवारी सोनगीरला खेळ ठरला. गावातल्या वडीलधाऱ्या आबांचा निरोप: लग्नापर्यंतच दाखवा. सुमनअक्का अजून हयात, पाचोऱ्याहून येणार, समोर बसणार. जित्या बाईची चिता दाखवणं बरं नाही.
मामा: "त्यांना सांग, शेवटासकट दाखवा, नाहीतर पडदाच लावू नका."
पेपरच्या रविवार पुरवणीसाठी मामांवरचा लेख उद्या द्यायचाय. शेवटचा परिच्छेद अडला.

११ डिसें.
अक्कांना फोन केला, स्पीकरवर. मामा शेजारी. आबांचं म्हणणं सांगितलं.
"त्या आबाले काय कयस? माले लोकेस्नी इतली वरीस सांगं, तू मरस ते भारी शे म्हने. एकबी नाही दखेल! नाना, मी मरस कशी, ते माले तरी दखाडा."
मामा चष्मा पुसत राहिले. "अक्का, तू फार सुंदर मरतेस गं."
"मंग? दखाडानं सोडीसन कोल्हापूरले पळाले तुम्ही!" दोघं हसले.
लेख गेला. असा मामा मिळाला, हे मात्र लेखात लिहिता आलं नाही.

१३ डिसें., शनि.
आबांचा होकार नाही, नकारही नाही. "अक्का बसनी ते दखूत," एवढंच.
उद्या अंधार पडला की सुरू. मामांनी पांढरा झब्बा इस्त्री करून घेतला. अक्कांच्या शेजारची खुर्ची मागितली आहे. लग्नाचं रीळ संपल्यावर मध्ये थांबायचं नाही, हे मशीनवाल्याला मीच सांगणार. गाव बसतं की उठतं, तेव्हा कळेल.