गच्चीवरची चादर

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकून घ्यायला मला वेळ नाही. तुझ्या इंजिनियरसाहेबांचा खोकला थांबला असेल. नसेल तर त्यांना म्हणावं, आधी सिगारेट सोडा, मग डॉक्टर बदला.

आपल्या डॉक्टरांच्या आठवणींची पुस्तिका मिळाली. तुझा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला, कारण मला वाटलं, माझ्याबद्दलचा मजकूर नजरेतून निसटला असेल. नव्हता निसटला. एक ओळ आहे: ‘दवाखाना माझी थोरली बहीण सांभाळत असे.’ सांभाळत असे! जसं काही मी त्यांचं मांजर सांभाळत होते.

एकतीस वर्षं, बाई. सुया उकळल्या, जखमा धुतल्या, रडणारी पोरं धरून ठेवली. तू त्यांच्याबरोबर पाखरं बघायला टेकडीवर गेलीस ते मोजून आठ रविवार. परीक्षा संपवून माझ्याकडे राहायला आली होतीस तेव्हाचे. आठ रविवारांवर चार पानं!

आणि तुझं ते ‘निसर्गपुत्र’ वगैरे राहू दे. त्या निसर्गपुत्राच्या खिशातल्या बिया मी काढत होते. थर्मामीटरच्या ग्लासात सुरवंट ठेवला होता, तो मला सापडला. एकदा गळ्यातली दुर्बीणच पेशंटच्या छातीला लावायला निघाले होते. “डॉक्टर, इतक्या लांबून तपासायचंय का त्यांना?” असं मीच विचारलं होतं. पेशंट हसून हसून निम्मा बरा झाला. हे कुणी लिहिलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही.

चादरीचं तर तू चक्क उलटं लिहिलंस. ती युक्ती त्यांची नव्हती, माझी होती. तातडीचा पेशंट आला तर हे टेकडीवर, निरोप कसा द्यायचा? म्हणून मी म्हटलं, गच्चीवर पांढरी चादर टांगते, दिसली की उतरा. ते लहान मुलासारखे खूश झाले. त्या दिवसापासून गच्ची दिसेल तिथवरच जायचे. मला मात्र इतकं सुचलं नाही, की चादर टांगायला कुणीतरी खाली लागतं. त्यांनी गावातल्या सगळ्यांना टेकडी दाखवली. पोस्टमनला, शाळामास्तरांना, तुला. मला दाखवणार कसे?

आता तुझा प्रश्न. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तुला त्या पेशंटचं नाव हवंय, ज्याच्यासाठी डॉक्टर खिंडीजवळून तुला सोडून धावत खाली आले. ‘केवढी ही सेवावृत्ती’ असं तू लिहिलंयस. पत्राला आठवडा उशीर झाला तो यामुळेच. गुडघ्यामुळे नाही.

त्या दिवशी निघताना ते मला म्हणाले होते, “आज हिला खिंडीपलीकडचं तळं दाखवतो. अर्धा तास चादर दिसणार नाही. चालेल ना?”

चादर सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत ते पलीकडे एकदाही गेले नव्हते. मी म्हटलं, “चालेल की. न चालायला काय झालं?”

मग मी गच्चीवर उभी राहिले. तुम्ही दोघं दोन ठिपक्यांएवढे दिसत होतात. मधूनमधून तुझा ठिपका थांबायचा, की त्यांचाही थांबायचा. खिंड हातभर राहिली तेव्हा मी चादर टांगली.

पेशंट नव्हता. दवाखान्यात मी होते आणि माशी होती.

ते लंगडत आले. घाईत उतरताना पाय मुरगळला होता. “पेशंट कुठाय?”

“वाट बघून गेला.”

“इतका तातडीचा पेशंट, आणि चालत गेला?”

“हो.”

त्यांनी रिकाम्या बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं झालं. म्हणजे बरा असणार,” म्हणाले आणि पाय पुढे केला. “आता मलाच तपासा.”

तीन आठवडे ते टेकडीवर गेले नाहीत. रोज मी पट्टी बांधली. इतक्या सुखात मी कधीच नव्हते. त्याच तीन आठवड्यांत इंजिनियरसाहेबांचं स्थळ आलं, आणि “डॉक्टर काही बोलले का गं?” असं तू मला एकदा विचारलंस. मी म्हटलं, “ते काय बोलणार? त्यांना पाखरांशिवाय काही सुचतं का?” दुसऱ्या दिवशी तू होकार दिलास.

पुढे ते पुन्हा फिरायला लागले, पण तळ्याचं नाव त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. माझ्याजवळ नाही, कुणाजवळच नाही.

ते तुला काय विचारणार होते, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित नुसतं तळंच दाखवणार असतील. तेवढंही मी तुला मिळू दिलं नाही.

खोटं बोलायचंच असेल तर निदान शुद्धलेखन नीट ठेवा, असं आपल्या कॉन्व्हेंटमधल्या नन वैतागून म्हणायच्या. इतकी वर्षं मी तेवढंच पाळलं. आता हे जसंच्या तसं छाप, किंवा फाडून टाक. रागावायचं असेल तर पत्रातून रागाव. फोनवर मी तुला बोलू देणार नाही, माहीत आहे ना तुला.

पण लिही.

तुझी, अजून म्हणू देत असशील तर,
ताई