डॅलरिम्पलशी केलेली जोडी

वॉशिंग्टन,
१४ नोव्हेंबर १९७३

प्रिय हॅरिएट,

तुझा गुडघा आता बरा असेल. मी बरा आहे; गोंधळलेला माणूस असतो तितपत.

काल फोनवर तू एवढंच विचारलंस, "अँब्रोज, तू मूर्ख आहेस की संत? पेनहॅलोंच्या घरात दुसरा प्रकार अजून झालेला नाही, म्हणून विचारते." आणि फोन आपटलास. मी अजून उत्तर शोधतोय.

इथे नदी वाचवणारी पोरं माझ्या दारात फुलं ठेवून गेली. आपल्या गिरणीच्या कामगारांचा पुढारी मला गद्दार म्हणाला. पक्षातले म्हातारे पाठ थोपटतात, "शब्दाला जागलास!" सगळे एकाच माणसाबद्दल बोलतायत, आणि मी त्याला ओळखत नाही.

आजोबांनी जंगल घेतलं, बाबांनी कागदाची गिरणी उभारली आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सेनेटर केलंत. काम एकच, गिरणीला धक्का लागू द्यायचा नाही. नदीत घाण सोडायला बंदी करणारा हा कायदा माझ्या एका 'नाही'ने पडला असता.

पण इथली रीत तुला ठाऊक आहे. विरुद्ध बाजूचा कोणी आजारी असला आणि आपण त्याच्याशी जोडी केली, की आपणही मत द्यायचं नाही, म्हणजे दोन्ही मतांची फिटंफाट. इस्पितळात जेली चिवडत विरुद्ध बाजूचा म्हातारा सेनेटर डॅलरिम्पल म्हणाला, "काय रे पोरा, करतोस जोडी?"

"करतो की."

"तुझ्या बापाचा शब्द मी कधी घेतला नाही. तुझा घेतो."

तेव्हा वाटलं, आपल्याकडे मतं पुष्कळ आहेत. ऐन वेळी आपलीच माणसं फुटली. माझं नाव पुकारलं. मी उठून ठरलेलं वाक्य म्हणालो, "सेनेटर डॅलरिम्पल हजर असते तर 'होय' म्हणाले असते, मी 'नाही' म्हणालो असतो, म्हणून मी मत राखून ठेवतो."

जगाला एवढंच माहीत आहे. तुलाही एवढंच सांगणार होतो.

हॅरिएट, माझं नाव पुकारण्याआधीच म्हातारा डॅलरिम्पल वारला होता. त्याच्या मुलीने मला फोन केला होता. सभागृहाला मतदानानंतर कळलं; मला आधीच ठाऊक होतं, हे कोणालाच माहीत नाही. मेलेल्या माणसाशी जोडी उरत नाही, हे इथला दरवानही सांगेल. मी मोकळा होतो. 'नाही' अगदी ओठांवर होतं.

ते ओठांबाहेर का काढलं नाही, खरंच कळत नाही. नदीच्या प्रेमापोटी म्हणावं, तर तिच्या काठी आपण नाक दाबूनच वाढलो. कदाचित बाबांना न मिळालेली एक वस्तू पहिल्यांदाच मला मिळाली होती, आणि ती परत करवेना.

हे तू पक्षाला कळवलंस तर माझी पुढची उमेदवारी संपली. मी अडवणार नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी जेवायला येतोय. सणाची भाजलेली टर्की घरातल्या कर्त्याने कापायची, ही आपली रीत. बाबांची सुरी माझ्या ताटाशी ठेवायची की तुझ्या, ते तू ठरव.

एका शब्दाचा पक्का, बाकी सगळा कच्चा,
तुझा भाऊ
अँब्रोज