पाच फुटी रोटाव्हेटरचे एकोणतीस गुण

तेलीबांधा, रायपूर

तीर्थस्वरूप अनंतकाकांना भास्करचा साष्टांग नमस्कार (कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त अर्धाच मानून घ्यावा). तुमचा गुडघा आणि सत्यभामाकाकूंचा ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे ते कळवावं. इकडे आम्ही तिघंही सुखरूप आहोत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. यामिनीच्या आणि तिच्या नीलच्या पत्रिकेत तुम्ही एकनाड काढलीत, तेव्हापासून पोरगी ताट घेऊन खोलीत जाते आणि मीनाक्षी म्हणते, काकांनी हो म्हटल्याशिवाय हे लग्न होणार नाही. मी बापडा मध्ये. पोरीचं तोंड पाहवत नाही हो. पण ते राहू द्या, आज लिहायला बसलो ते ट्रॅक्टरबद्दल.

आरंगच्या रस्त्यावरल्या आपल्या पेरूच्या बागेत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून मी अठरा एचपीचा छोटा घेतला. त्याच्या मागे जोडून माती भुसभुशीत करायला रोटाव्हेटर हवा होता. दुकानात दोन होते, तीन फुटी आणि पाच फुटी. दुकानदार म्हणाला, छोट्याला छोटाच घ्या. पण आपल्या घरात तुम्हाला विचारल्याशिवाय मिक्सरसुद्धा आलेला नाही. तुम्ही फोनवर जन्मतारीख, वेळ आणि स्थळ मागितलंत. रोटाव्हेटरचं स्थळ सोपं होतं (बीरगांव, तिथल्याच एका कारखान्यातला). वेळेसाठी मी दुकानदाराला विचारलं की ट्रॅक्टर दिवसपाळीत जोडला की रात्रपाळीत. तो म्हणाला, "भैया, आज तक सबने एचपी पूछा, शिफ्ट किसी ने नहीं पूछी." तरी बिचाऱ्याने कंपनीत फोन लावला. तुमचा निकाल आला: तीन फुटीशी एकनाड, पाच फुटीशी एकोणतीस गुण. मी पाच फुटी आणला. मीनाक्षीने दोघांना हळदकुंकू लावून हार घातले.

आता पाच फुटी म्हणजे चाळीसेक एचपीच्या ट्रॅक्टरने ओढायची वस्तू, हे मला नंतर कळलं. बागेत पोचून मी तो उचलायचा दांडा ओढला, तर रोटाव्हेटर जागचा हलेना आणि ट्रॅक्टरनेच पुढची चाकं उचलली. शेजारचे नीलकंठराव (बँकेतून निवृत्त, त्यामुळे प्रत्येक विषयात मत आहे) म्हणाले, समोर वजन पाहिजे. जवळपास होतं ते वजन म्हणजे स्वतः नीलकंठराव आणि, पूर्ण आदर ठेवून लिहितो, मीनाक्षी. "काहून? मीच काहून?" म्हणत ती चढली, कारण गुण तुम्ही जुळवले होते.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन उचकी देऊन बंद पडलं. पहिल्यात टाकलं, तर कडक मातीत पाती शिरेचनात. ती वरच्या वर चाकांसारखी पळायला लागली आणि ट्रॅक्टरलाच मागून ढकलू लागली. मी ब्रेक दाबतो आहे, मागून धक्का येतो आहे, पेरूच्या फांद्या कानाखाली वाजताहेत, अशा थाटात आम्ही बांध ओलांडून थेट रस्त्यावर. समोर हाराला घट्ट धरून डोळे मिटलेली मीनाक्षी. लोक हात जोडायला लागले. एका म्हाताऱ्याने विचारलं की देवी कुठल्या पाऱ्याची (म्हणजे मोहल्ल्याची), तर नीलकंठरावांच्या तोंडून भीतीने नुसतं "हव, हव" निघालं. नारळ फुटला. "अजी, मले आधी खाली उतरवा!" असं देवीच ओरडली तेव्हा गर्दी पांगली.

दुकानदाराने तो बदलून तीन फुटी दिला आणि समजावलं की लो गिअरमधला पहिला टाका. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चालला पाहिजे आणि मागची पाती पूर्ण वेगात फिरली पाहिजेत. तसं केलं. काका, माती अशी झाली, जणू चाळलेला रवा! यामिनी बघायला आली होती. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. "बाबा, इन दोनों का तो एकनाड था ना?" मी वाकून इंजिनातलं ऑईल बघत राहिलो (कंबरेत उसण भरली ती तेव्हा).

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
भास्कर

ता. क. : मीनाक्षीचा तुमच्यावरचा विश्वास तसूभरही हललेला नाही. ती म्हणते, काकांची पत्रिका अचूकच होती, जन्मवेळ चुकीची कळली असेल.

ता. क. २ : हे एकट्यानेच वाचावं. काल काकूंनी यामिनीला फोन केला होता. त्या सांगत होत्या की त्यांची जन्मवेळ माहेरी कोणालाच ठाऊक नव्हती, आणि आजोबांनी लग्नाला हो म्हणावं म्हणून ती तुम्ही स्वतःच बसवलीत. मी घरात बोललेलो नाही, बोलणारही नाही. फक्त नीलची पत्रिका एकदा नव्याने मांडावी. त्याच्या आईला मी विचारून ठेवलं आहे. तुम्ही म्हणाल त्या वेळी तो जन्मायला तयार आहे.